नशेची मुभा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ही बातमी ठरलेली असते. देशी दारूच्या दुकानासमोर किंवा बारच्या पायऱ्यांवर दोघांत बाचाबाची होते, बाटली फुटते, कुणाच्या तरी डोक्यात दगड बसतो, आणि बातमीच्या पहिल्याच वाक्यात कारण देऊन टाकलेले असते: ‘दारूच्या नशेत’. मग आरोपीचा धंदा येतो. बिगारी, हमाल, सेंट्रिंगवाला, यंत्रमाग कामगार. वाचकाच्या मनातला हिशेब तिथे पुरा होतो; आणखी काही विचारायचे राहिले आहे असे कुणालाच वाटत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या पुऱ्या झालेल्या हिशेबाबद्दल आहे. अंगमेहनत करणारा माणूस दारूबद्दल काय मानतो आणि त्याच्या त्या मानण्याचा गुत्त्यातल्या मारामारीशी काय संबंध पोचतो, हा त्याचा विषय. विषयात शिरण्यापूर्वी माझी बाजू सांगून टाकतो. दारू माणसाला भांडायला लावते हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे म्हणजे प्यालेल्या माणसाला आपण सर्वांनी मिळून दिलेली मुभा; आणि ती कुठे, किती वाजता, कुणावर वापरायची हे बाटली ठरवत नाही.

या मुभेची भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘माणूस सोन्यासारखा हो, पण पोटात गेली की भान राहत नाही’ असे बायको म्हणते, शेजारीण म्हणते, चौकीवरचा हवालदार म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस स्वतःही म्हणतो. हे शहाणपण पिण्याच्या अनुभवातून आलेले असावे असे वाटते, पण ते त्याच्या कितीतरी आधी येते. वस्तीतली सहा-सात वर्षांची पोरे दारुड्याची नक्कल करतात तेव्हा झोकांडी, शिवी आणि उगारलेला हात या तिन्ही गोष्टी त्यात असतातच. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना दारूने काय होते असे विचारले, तर ज्यांनी पिणे सुरूही केले नव्हते त्यांच्याकडेसुद्धा उत्तरे तयार होती, आणि ती मोठ्यांच्या उत्तरांशी बरीच जुळत होती. अभ्यासक याला दारूविषयीची अपेक्षा म्हणतात. कष्टकऱ्याच्या बाबतीत या अपेक्षेचा पहिला थर शरीराचा असतो: अंग मोकळे होते, ठणका थांबतो, झोप लागते. गटारात उतरणारा किंवा शवागारात काम करणारा सांगतो की त्याशिवाय आत पाऊल टाकवत नाही. त्यावर दुसरा थर चढतो: हिंमत येते, मनात साठलेले बोलता येते, मग कुणाच्या बापाला भ्यायचे कारण नाही. पहिला थर मुकादमाला आणि ठेकेदारालाही मान्य असतो, किंबहुना सोयीचा असतो. ‘कष्टाच्या शरीराला लागतेच’ एवढे म्हटले की कामाचे तास, डोक्यावरचे वजन आणि नाकातली धूळ यांविषयी बोलायचे राहून जाते. दुसरा थर मात्र त्यांना गुत्त्याच्या उंबऱ्याबाहेर आलेला चालत नाही.

ही अपेक्षा म्हणजे शरीरधर्माचेच साधे वर्णन असेल, असा संशय कुणालाही येईल. तसे असते तर जगभर माणसे प्याल्यावर सारखीच वागली असती. क्रेग मॅकअँड्रू आणि रॉबर्ट एजर्टन या अमेरिकी अभ्यासकांनी देशोदेशींच्या नोंदी गोळा करून नेमके हेच तपासले आणि १९६९ साली त्याचे पुस्तक केले. त्यातले बोलिव्हियातल्या कांबा शेतकऱ्यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मानववंशशास्त्रज्ञ ड्वाइट हीथ यांनी १९५० च्या दशकात त्यांच्यात राहून केलेल्या नोंदींनुसार हे लोक सुमारे ८९ टक्के अल्कोहोल असलेला, घसा भाजणारा मद्यार्क पीत. सणावाराला पीत, पडत, उठत आणि पुन्हा पीत. पण शिवीगाळ नाही आणि हातापायीही नाही. आपल्याकडची परवान्याची देशी त्याच्या निम्म्याच्या आसपास कडक असते. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपर्यंत दारू पहिल्यांदा पोचली तेव्हाच्या अनेक नोंदींत उन्मादाचा मागमूस नाही. गोरे व्यापारी आणि सैनिक पिऊन कसे वागतात हे पाहिल्यावर तो दिसू लागतो. एकाच समाजात लग्नातले पिणे वेगळे आणि बाजाराच्या दिवशीचे वेगळे. प्यालेला माणूसही मर्यादा ओळखतो आणि समाजाने जेवढी सुट्टी दिली असेल तेवढीच घेतो, असा या दोघांचा निष्कर्ष आहे. पुस्तकावर टीका झाली आणि ती रास्त होती. उदाहरणे वेचून घेतलेली आहेत; शांतपणे पिणाऱ्या समाजातली हिंसा पाहुण्या अभ्यासकाला दिसली नसेल, हेही शक्य आहे. एवढे वजा केले तरी मद्यार्क सगळीकडे एकच आणि धिंगाणा मात्र गावोगाव वेगळा, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

वेचलेल्या उदाहरणांवर विसंबायचे नसेल तर प्रयोग हवा. तो १९७५ साली ॲलन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. नेहमी पिणाऱ्या ९६ पुरुषांचे त्यांनी गट पाडले. काहींना व्होडका आहे असे सांगून नुसते टॉनिक दिले, काहींना टॉनिक म्हणून व्होडका दिली, उरलेल्यांना जे सांगितले तेच दिले. पुढे निम्म्या जणांचा ठरवून पाणउतारा केला आणि समोरच्याला विजेचा सौम्य धक्का देण्याची संधी त्यांच्या हातात ठेवली. ज्यांना आपण प्यालो आहोत असे वाटत होते त्यांनी जास्त जोराचे धक्के दिले, मग पेल्यात व्होडका असो वा नसो. हा निकाल इतका चटकदार होता की पुढे काही वर्षे सगळा खेळ मनाचाच आहे असे म्हटले जाऊ लागले. तिथे सावध राहायला हवे. १९९० साली ब्रॅड बुशमन आणि हॅरिस कूपर यांनी अशा ३० प्रयोगांची गोळाबेरीज केली. नकळत पोटात गेलेल्या दारूचा आणि दारूविना नुसत्या समजाचा परिणाम त्यांना एकेकटा पाहता क्षीण आढळला. दोन्ही एकत्र आले, म्हणजे माणूस प्याला आणि आपण प्यालो हे त्याला ठाऊकही होते, तेव्हा आक्रमकता स्पष्टपणे वाढली. २००९ मध्ये फ्रान्समध्ये लोराँ बेग यांनी शंभराहून अधिक पुरुषांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा समजाचेच पारडे जड ठरले. थोडक्यात, वाद मिटलेला नाही. पण गुत्त्यातला माणूस नकळत पीत नाही. तिथे दारू आणि समज नेहमी एकाच पेल्यातून पोटात जातात, आणि म्हणून प्रयोगशाळेतला हा काथ्याकूट आपल्या कामाचा आहे.

रसायनाची बाजू मांडणारे म्हणतील, मेंदूचा लगाम सुटतो हे तर वैद्यकशास्त्रच सांगते. तुम्ही समजुतींच्या मागे कशाला लागता? लगाम सैल होतो हे मला मान्य आहे, आणि जितके जास्त प्यावे तितका तो जास्त सैल होतो हेही. फक्त लगाम सुटलेला घोडा कुठे धावतो, हे लगामावरून कळत नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० साली याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला सर्वांत पटते. दारूने माणसाची नजर आखूड होते. जे समोर आहे, ढळढळीत आहे, तेवढेच दिसते. उद्याची हजेरी, घरी वाट पाहणारे पोर, मागची पोलीस केस हे सगळे नजरेबाहेर जाते. म्हणून समोर शिवी असेल तर शिवीच सारे जग होते. आणि समोर दुसरे काही असेल तर? पीटर जियानकोला आणि मिशेल कॉर्मन यांनी २००७ साली हे करून पाहिले. डिवचलेल्या, प्यालेल्या पुरुषांना मन गुंतेल असे साधे काम दिले, तेव्हा ते शुद्धीतल्या पुरुषांपेक्षाही कमी आक्रमक झाले. शरीरातली दारू तेवढीच होती, डिवचणेही तेवढेच. म्हणजे रसायनाचे म्हणणे पूर्ण मानले तरी प्रश्न सुटत नाही, पुढे सरकतो: गुत्त्यात, रात्री साडेनऊला, आखूड नजरेच्या माणसासमोर काय ठेवलेले असते?

त्याकडे वळण्यापूर्वी हात कुणावर पडतो ते पाहू. दिवसभर आईबहिणीवरून बोलणाऱ्या मुकादमावर तो सहसा पडत नाही, मुकादम त्याच गुत्त्यात येत असला तरी. तो पडतो बरोबरीच्यावर, परप्रांतातल्या नवख्यावर, उधारी मागणाऱ्या पोऱ्यावर, आणि घरी पोचल्यावर बायकोवर. भान खरोखर गेलेले असते तर पायरी इतकी अचूक सांभाळली गेली नसती. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यात असाच विचार केला. लग्नाच्या जेवणाला आलेल्या एका निवृत्त जमादाराने एका मुलाला जागेवरून सरकायला सांगितले, मुलगा सरकला नाही, आणि याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. जमादार खूप प्यालेला होता हे सगळ्यांना मान्य होते. पण तो आपल्या पायांनी चालत होता, सुसंगत बोलत होता आणि गोळी झाडल्यावर पळूनही जाऊ पाहत होता, हे न्यायालयाने लक्षात घेतले आणि खुनाची शिक्षा कायम ठेवली. भारतीय दंड संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ आणि २४ मध्ये, हेच तत्त्व आहे: नशा बळजबरीने किंवा नकळत करवली असेल तरच ती बचाव ठरू शकते. आपल्या खुशीने प्यालेल्याला कायदा जी सवलत नाकारतो, ती चाळ, भावकी आणि पंच त्याला सर्रास देतात. ‘जाऊ द्या, प्यालेला होता’ म्हणून जे भांडण मिटवले जाते त्याची किंमत पुढच्या शनिवारी दुसरे कुणीतरी मोजते.

आता गुत्ता. कॅनडातल्या कॅथरीन ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांसह १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकूव्हरमधल्या १८५ मद्यालयांत एकूण ६३३ तास बसून निरीक्षण केले. भांडणे सगळीकडे सारखी वाटलेली नव्हती. काही ठिकाणी ती जवळपास रोजचीच, तर बऱ्याच ठिकाणी नावालाही नाहीत. भांडखोर जागांची लक्षणे पाहिली तर वाचणाऱ्याला आपली एखादी जागा आठवेल: अस्वच्छता, कोंदट हवा, रांगेने लावलेली टेबले, तुसडे नोकर, आणि इथे काहीही चालते असा एकंदर रंग. पुढे टोरोंटोत त्यांच्याच गटाने ११८ ठिकाणी १,३३४ रात्री निरीक्षणे केली आणि आक्रमकतेचे हजाराहून अधिक प्रसंग टिपले. त्यांतल्या कितीतरींत दारावरचे धटिंगण आणि नोकर स्वतःच भांडणात होते. आपल्याकडचे देशी दारूचे दुकान या मोजपट्टीने मोजायला लांबचा अभ्यासक लागत नाही. जाळीआडचा गल्ला, ओला फरशीचा तुकडा, बसायला बहुधा काही नाही. उभ्या-उभ्या नाईन्टी मारायची, मीठ लावलेले चणे तोंडात टाकायचे आणि मागच्याला जागा करून द्यायची. काम सुटून आलेले पोट रिकामे, हातात आठवड्याचा पगार, आणि ‘चढली नाही तर पैसे वाया’ हा सर्वमान्य हिशेब. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ विवेक बेनेगल यांनी दाखवून दिले आहे की भारतात न पिणारे बहुसंख्य असले तरी जे पितात त्यांतले बरेचसे कडक दारू, भरपूर आणि झिंगण्यासाठीच पितात. खेटून उभ्या असलेल्या चाळीस माणसांत धक्का लागतो, पेल्यातली सांडते, मागच्या उधारीचा विषय निघतो, एक शिवी जाते. नजर आखूड झालेली असतेच, आणि पाहणारे भोवती असतात. त्यांच्यासमोर मागे सरायचे म्हणजे उद्या नाक्यावर सगळ्यांच्या तोंडी व्हायचे. इतकी सामग्री एका खोलीत भरून ठेवायची आणि मग मजुराच्या स्वभावाला दोष द्यायचा, याला माझ्या मते आळस म्हणतात.

नियम बदलला की पिणे कसे बदलते याचे दोन दाखले मला या पुस्तकाच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवावेसे वाटतात, कारण दोन्ही अस्सल कामगारांचे आहेत आणि एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धाच्या काळात, सद्वर्तनाच्या आग्रहाखातर, पब संध्याकाळी सहालाच बंद करण्याचा कायदा आला; न्यू साउथ वेल्समध्ये १९१६ पासून १९५५ पर्यंत तो चालला, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत. कामगार पाचला सुटायचे. मधल्या तासाभरात जेवढी घशाखाली जाईल तेवढी बिअर ढोसायची आणि सहाच्या ठोक्याला रस्त्यावर यायचे, असा नेमच पडला. मालकांनी खुर्च्या आणि बिलियर्डची टेबले काढून टाकली, जास्त माणसे मावावीत म्हणून. भिंतींना फरशा लावल्या, धुवायला सोप्या म्हणून. दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने जगातला सर्वांत घाईचा गुत्ता तयार केला. त्याच सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर ग्रेट्ना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. हजारो खोदकाम्ये मजूर आठवड्याचा पगार घेऊन जवळच्या कार्लाइल शहरात उतरत आणि तिथल्या रस्त्यांवर हाहाकार माजे. सरकारने १९१६ मध्ये तिथले पब आणि मद्याचे कारखाने ताब्यात घेतले. काही पब बंद केले, उरलेल्यांत जेवण सुरू केले, बसायला जागा केली, एकमेकांना पाजायला बंदी होतीच. आणि सर्वांत महत्त्वाचे, व्यवस्थापकाला ठरावीक पगार दिला, विकलेल्या दारूवर कमिशन नाही. दारूबाजीचे गुन्हे झपाट्याने उतरले. युद्धकाळात बिअर पातळ आणि टंचाईची झाली होती, बांधकाम संपल्यावर मजूरही पांगले. म्हणून सगळे श्रेय त्या योजनेला देता येणार नाही. पण ती शांततेच्या काळातही टिकली, थेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत.

अलीकडचा दाखला ब्राझीलचा. साओ पाउलोजवळच्या दियादेमा या कारखान्यांच्या शहरात खुनांचे प्रमाण भयंकर होते. २००२ मध्ये तिथे रात्री ११ नंतर दारूविक्री बंद केली. पुढच्या पाहणीत महिन्याला सुमारे ९ खून कमी झाल्याचा अंदाज निघाला. बायकांवरच्या हल्ल्यांतली घट मात्र तितकी खात्रीची ठरली नाही. ही दुसरी ओळ बातमीत येत नाही, पण तिच्याकडे मला परत यायचे आहे.

इथे सर्वांत अवघड हरकत येते. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक स्टीफन टॉमसन यांनी १९९७ साली लिहिले की श्रमिक तरुणांच्या पबमधल्या मारामाऱ्या अपघाताने होत नाहीत. त्या हव्या असतात. रात्र रंगली असे म्हणायला थोडी हातघाई लागते, तिच्यात मर्दपणा सिद्ध होतो आणि दारावरच्या रखवालदारापासून पोलिसापर्यंत सगळ्या हुकूमतीला एकदाचे उत्तर दिल्याचे समाधानही मिळते. हे खरे असेल तर जागा सुधारून काय होणार? माझे उत्तर असे की हे म्हणणे मुभेच्या विरोधात जात नाही, मुभा का हवीशी वाटते ते सांगते. ज्याला दिवसाचे दहा तास मान खाली घालून काढावे लागतात त्याच्यासाठी दारू ही मान वर करण्याची एकमेव सर्वमान्य सबब आहे. शुद्धीत मान वर केली तर काम जाते. पिऊन केली तर ‘प्यालेला होता’. ज्या कामगाराला युनियनच्या सभेत, तक्रारपेटीत, वेतनाच्या करारात बोलता येते त्याला ही सबब कमी लागत असावी, असे मला वाटते; पण हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

कामगारच का, अशीही हरकत घेतली जाईल, आणि ती मला या पुस्तकाच्या शीर्षकापासूनच जाणवत होती. पांढरपेशे पीत नाहीत की मारत नाहीत? मराठी रंगभूमीवरचा सर्वांत प्रसिद्ध मद्यपी, १९१९ साली रंगमंचावर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर, वकील आहे, त्याच्या पिण्याची सुरुवात कोर्टातल्या अपमानातून होते आणि त्याची काठी घरात, बायकामुलांवर चालते. फरक वृत्तीचा कमी आणि जागेचा जास्त. ज्याला घरात वेगळी खोली आहे, गाडी आहे, क्लबचे सदस्यत्व आहे, त्याचा धिंगाणा दाराआड राहतो. ज्याचे घर दहा बाय दहाचे त्याचा रस्त्यावर येतो आणि पोलिसांच्या नोंदीत जातो. कामगारांविषयी लिहायचे कारण त्यांच्यावरचे ओझे हे आहे. गोव्यातल्या कारखान्यांतल्या पुरुष कामगारांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली; सुमारे एक पंचमांश कामगारांचे पिणे घातक पातळीचे होते आणि डोक्याला झालेली इजा, इस्पितळात भरती होणे यांच्याशी त्याचा संबंध आढळला. मदत मागायला मात्र फारच थोडे गेले होते. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला लिहिले ते वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध. त्यांनी पिणाऱ्याला शिव्या घातल्या नाहीत, परवाना देणाऱ्याला जाब विचारला. नंतरच्या पांढरपेशा दारूबंदीवाद्यांना हा रोख पुष्कळदा टिकवता आला नाही.

मग दारूबंदीच का नको? वर्ध्यात ती १९७० च्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगाव बायकांनी उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान करून दुकाने बंद पाडली. त्यांच्या मागणीमागे कुठलाही प्रयोग नव्हता, लागतही नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, ज्यांचे नवरे वारंवार दारू पिऊन झिंगतात अशा विवाहितांपैकी ७० टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. ज्यांचे नवरे पीतच नाहीत त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के निघाले. पहिला आकडा पाहून बायकांच्या मोर्चाला कुणी आततायी म्हणू नये. आणि दुसरा पाहून कुणी असे समजू नये की बाटली गेली की मार गेला. थेंबही न घेणाऱ्यांच्या बायकांतही जवळपास चौघींतल्या एकीला नवरा मारतो. त्याला नशेची मुभा लागत नाही, नवरेपणाची पुरते. दियादेमाची ती दुसरी ओळ इथे समजते. दुकान बंद करण्याचा हक्क गावाला असलाच पाहिजे, हे माझे मत. पण दुकानाबरोबर सबब बंद होत नाही, आणि चोरून विकणाऱ्या अड्ड्यावर तर दिवा, बाकडे, बंद होण्याची वेळ यांतले काहीच मागता येत नाही.

समज आणि जागा यांना इतके महत्त्व दिले की पिणाऱ्याची जबाबदारी हलकी होते, असेही कुणी म्हणेल. मला उलटे दिसते. ‘दारूने केले’ यात कुणीच जबाबदार नसते. बाटलीवर खटला चालत नाही. मुभेचे म्हणणे मान्य केले की जबाबदारांची यादी वाढते. हात उगारणारा तर आहेच, कारण तो निवड करू शकतो हे आपण मान्य केले. शिवाय पुरती चढलेल्याला आणखी एक क्वार्टर देणारा दुकानदार आहे, मजुरीऐवजी बाटली पुढे करणारा ठेकेदार आहे, ‘जाऊ द्या’ म्हणणारे पंच आहेत, आणि दारूवरच्या शुल्काचे उद्दिष्ट दरवर्षी वाढवून धरणारे सरकारही आहे. गुन्हा एकाचाच, पण तो घडू नये म्हणून काही करू शकणारे अनेक.

पुढच्या पानांतले लेख या अनेकांविषयी आहेत. ते सगळे एकमेकांशी सहमत नाहीत, आणि मीही प्रत्येकाशी सहमत नाही. काहींनी रसायनाला माझ्यापेक्षा जास्त वजन दिले आहे. पण सगळ्यांना एक उणीव सारखीच जाणवते. महाराष्ट्रातल्या कोणत्या दुकानाजवळ, कोणत्या वारी, किती वाजता माणसे फुटलेल्या डोक्याने इस्पितळात येतात, याचा एकत्र हिशेब ठेवला जात नाही. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आले की त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी जखमा पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. मग तिथल्या अपघात विभागात नाव न घेता फक्त तीन गोष्टी विचारल्या जाऊ लागल्या: कुठे, केव्हा, कशाने. ती माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दिली गेली, आणि हिंसेमुळे इस्पितळात भरती होणाऱ्यांची संख्या तुलनेच्या इतर शहरांपेक्षा तिथे घटली. आपल्या सरकारी इस्पितळांत एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची, नोंद तशीही होतेच. तिच्यात ‘दारूच्या नशेत’ एवढे लिहून न थांबता दुकानाचे ठिकाण आणि वेळ लिहायला वेगळा पैसा लागत नाही. कामगार संघटनांनी आणि गावातल्या दारूविरोधी मंडळांनी ही मागणी जिल्हा शल्यचिकित्सक आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक यांच्याकडे लेखी करावी, आणि वर्षाकाठी तो हिशेब परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी जाहीर करायला लावावा.